क्रिमिनॉलॉजी करायचंय पण बाबा नको म्हणतात

प्रश्न : ताई नमस्कार, मी बार्शीची, बीए सायकॉलॉजीच्या लास्ट इयरला आहे. मला क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, करायचंय. सिरीज बघून नाही हं, आमच्या शेजारचा मुलगा मोबाईल चोरीच्या केसमध्ये आत गेला तो आठ महिने घरीच आला नाही, तेव्हापासून डोक्यात आहे. बाबा म्हणतात पोलिसात जायचं तर सरळ एमपीएससी दे, हे शिकून नोकरी कोण देणार आणि पोरीनं जेलमध्ये जायचं कशाला. ॲडमिशन कुठे घेऊ?

उत्तर : अगं, त्या मुलाचं जे झालं ना, तिथूनच हा विषय सुरू होतो. चोरीला जास्तीत जास्त शिक्षा साधारण ३ वर्षं, आणि १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, जामीन, खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा, आलीय तिच्या कलम ४७९ प्रमाणे पहिलीच केस असलेल्या कच्च्या कैद्यानं, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेल्या कैद्यानं, त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे इथे १ वर्ष आत काढलं की कोर्टानं त्याला बॉण्डवर सोडायचं, तसा अर्जही जेल सुपरिटेंडंटनंच करायचा. पण ते दिवस कोणीतरी मोजावे लागतात! २०२२ च्या शेवटी देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. सिरीजमध्ये आरोपी पकडला की एपिसोड संपतो, तू जे शिकणार आहेस ते त्याच्या पुढचं.

मी शिकत असताना फिल्डवर्कला एका जेलच्या मुलाखत खिडकीपाशी बसायचे. एक मावशी आल्या, ब्रेडच्या पिशवीत कोर्टाची ऑर्डर, घड्या घालून घालून मधोमध फाटलेली, आणि दुसऱ्या पिशवीत पोराचा इस्त्री केलेला शर्ट. त्यांना वाटलं जामीन झाला म्हणजे आजच सोडतील. ऑर्डरमध्ये १५ हजारांचा जामीनदार लिहिलेला, आणि ह्यांच्या ओळखीत सातबारा किंवा पगाराची स्लिप असलेलं एक माणूस नाही. एकोणीस दिवस झाले होते जामीन मंजूर होऊन. आम्ही गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना गाठलं, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडा म्हणून अर्ज घातला, पुढच्या आठवड्यात पोरगा बाहेर. मला त्या दिवशी कळलं की मला हेच काम करायचंय.

ॲडमिशनचं म्हणशील तर मुंबईत देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, टिस म्हणतात ते, तिथे सोशल वर्कच्या एमएमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, तुझं सायकॉलॉजी तर कामालाच येईल. प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवरून, म्हणून फॉर्म आणि माहितीपुस्तिका आत्ताच बघायला लाग. टिसचाच 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून पोलीस स्टेशन, कोर्ट आणि जेलमध्ये काम करतोय, मी वर सांगितलं तसंच. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे यात रस असेल तर तो फॉरेन्सिक सायन्स, त्याला सायन्स लागतं, त्यात तू अडकू नकोस.

नोकरीचं खरं सांगते, पगार सुरुवातीला कमी असतो आणि जाहिराती रोज निघत नाहीत. संस्थांमध्ये सोशल वर्कर, महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी, बालनिरीक्षणगृहात समुपदेशक, अशी कामं. परिविक्षा अधिकारी म्हणजे, १९५८ च्या कायद्याप्रमाणे कोर्ट एखाद्याला जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं ना, तेव्हा त्याच्या घरी जाऊन रिपोर्ट लिहिणारा आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस. बाबांना हे पद नावानिशी सांग, सरकारी आहे म्हटल्यावर ते ऐकून घेतील. आणि सेफ्टीचं, विद्यार्थी जेलमध्ये परवानगीशिवाय जातच नाहीत, सोबत सुपरवायझर असतात. मला इतक्या वर्षांत जेलच्या आत कधी भीती वाटली नाही, वाईट मात्र रोज वाटतं, आणि ते घरी आणायची तयारी हवी बाळा.

परीक्षा झाली की बाबांनाच घेऊन बार्शीच्या कोर्टात जा. रिमांड, म्हणजे पकडलेल्यांना कोठडीत ठेवायचं का त्याची सुनावणी, चालू असतात तेव्हा मागच्या बाकावर बसा, मोबाईल बंद ठेवा. किती जणांच्या बाजूनं वकील उभा राहतो आणि किती जण नुसते मान खाली घालून परत जातात ते दोघांनी मोजा, आणि मग मला परत लिही.