"तुमची मॅनेजमेंट स्टाइल कोणती?" असं विचारलं तर काय सांगायचं?

प्रश्न : मी ६ वर्षं एकाच कंपनीत आहे, त्यातली शेवटची २ टीम लीड म्हणून. आता मॅनेजरच्या पोस्टसाठी बाहेर इंटरव्ह्यू देतेय. टेक्निकल राउंड नीट जातात पण "तुमची मॅनेजमेंट स्टाइल कोणती?" हा प्रश्न आला की माझं गाडं अडतं. मागच्या वेळी सांगितलं की माझी स्टाइल डेमोक्रॅटिक आहे, मी सगळ्यांना सोबत घेऊन चालते. त्यावर त्यांनी विचारलं, "टीमचं म्हणणं एक आणि तुमचं दुसरं, असं शेवटचं कधी झालं?" आणि मला एकही प्रसंग आठवेना, गप्पच बसले. दुसरीकडे विचारलं की तुम्हाला कसा मॅनेजर आवडतो, तिथे मी आधीच्या साहेबांबद्दल जरा जास्तच बोलून गेले. दोन्हीकडून नकार आला. नक्की काय उत्तर द्यायचं असतं?

उत्तर : ताई, तुमचं पहिलं उत्तर चुकलं नव्हतं, अर्धं राहिलं होतं. "सगळ्यांना सोबत घेऊन चालते" हे वाक्य समोरच्याने त्याच दिवशी आधी तीन-चार जणांकडून ऐकलेलं असतं. ते सगळे खोटं बोलतात असं नाही, सगळ्यांना तेच बरोबर उत्तर वाटतं एवढंच. मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेय आणि मनापासून सांगते, स्टाइलचं नाव ऐकून मी कधीच काही लिहून घेतलं नाही, कोणी "मागच्या वर्षी आमच्याकडे असं झालं की..." म्हटलं की मगच माझा हात पेनकडे जायचा.

ही डेमोक्रॅटिक वगैरे नावं कुठून आली ते एकदा बघा, तुम्हाला उपयोग होईल. १९३९ साली कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साधारण १० वर्षांच्या मुलांचे छोटे क्लब, आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून एक मोठा माणूस. एका पद्धतीत तो सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडायचा, दुसरीत मुलांशी बोलून ठरवायचा (हीच डेमोक्रॅटिक), तिसरीत फारसं लक्षच घालायचा नाही. हुकमाखाली मुलं काम करायची, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं, आणि बोलून ठरवणाऱ्या गटात तो नसतानाही बऱ्यापैकी चालू राहायचं. म्हणून मी उमेदवारांना नेहमी विचारायचे की तुम्ही आठ दिवस रजेवर गेलात तेव्हा टीमचं काय झालं? तुम्हीही हे आठवून ठेवा. किती फोन आले, कोणता निर्णय तुमच्याविना झाला, कोणता अडकून राहिला. तुम्ही कशा मॅनेजर आहात हे त्या आठ दिवसांत स्वच्छ दिसतं.

आणि एकच स्टाइल सगळीकडे चालते असं तर अजिबात नाही. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या मॅनेजमेंटच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये हेच मांडलं की समोरचा माणूस त्या कामात किती तयार आहे त्यावर तुमचं वागणं ठरायला हवं. "त्या कामात" हा शब्द धरून ठेवा, कारण दहा वर्षं कोडिंग केलेला माणूस पहिल्यांदा क्लायंट कॉल घेतो तेव्हा तिथे तो नवखाच असतो, त्याला तिथे मोकळं सोडलं तर तो विश्वास नसतो, त्याला एकटं पाडणं असतं.

एक उत्तर मला अजून आठवतं. एक बाई म्हणाल्या, "माझ्याकडे एक मुलगा नवीन होता, पहिले तीन आठवडे त्याची प्रत्येक फाइल जायच्या आधी मी बघायचे, लाल रंगात खुणा करून परत द्यायचे. खुणा दोन-तीनवर आल्या तेव्हा म्हटलं, आता तू थेट पाठव, मला फक्त सीसीत ठेव. त्याच टीममधल्या सीनियरच्या फाइल मी कधी उघडल्याच नाहीत, पण तिच्यावर कामाचं किती ओझं आहे हे बोलायला दर शुक्रवारी पंधरा मिनिटं ठेवलेली." मग स्वतःहून पुढे म्हणाल्या, "त्या मुलाला मी बहुतेक एक आठवडा लवकर सोडलं, एक चुकीचा आकडा बाहेर गेला, क्लायंटला फोन मी केला आणि पुढचे दोन रिपोर्ट आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितले." स्टाइलचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही आणि तरी मला सगळं कळलं. आम्ही त्यांनाच घेतलं.

आता तुमच्या अडलेल्या प्रश्नाकडे येते. प्रसंग तिथे बसून आठवत नसतात, घरून न्यावे लागतात. मागच्या वर्षाचं कॅलेंडर आणि जुने मेल उघडा, डेडलाइन हलली असेल, कोणाचं काम दुसऱ्याला दिलं असेल, तिथे मतभेद झालेलाच असतो. टीम काय म्हणत होती, तुम्ही काय ठरवलं आणि का, त्यांना ते कसं सांगितलं, पुढे काय झालं, एवढं दीड-दोन मिनिटांत सांगता यायला हवं. टीमच्या मताविरुद्ध गेला असाल तरी बिनधास्त सांगा. सगळ्यांचं ऐकून घेणं म्हणजे मतदान घेणं नाही, शेवटी निर्णय आणि त्याची जबाबदारी तुमचीच असते, हे तुम्हाला कळतं का एवढंच ते बघत होते.

दुसरा प्रश्न ऐकायला तसाच वाटतो पण पूर्ण वेगळा आहे, तिथे तुम्हाला कोणाच्या हाताखाली नीट काम करता येतं हे विचारतायत. जुन्या साहेबांचं नाव नको, किस्सा नको, तुमची तक्रार शंभर टक्के खरी असली तरी नको, कारण समोरच्याला दुसरी बाजू माहीत नसते आणि ऐकताना तो स्वतःला त्या साहेबांच्या जागी ठेवून बघतो. तीच तक्रार उलटी करून गरज म्हणून सांगा : "शेवटी काय हवंय आणि कधी हवंय हे मला स्पष्ट सांगितलं, मधली वाट मला ठरवू दिली आणि अडले तर त्याच दिवशी विचारता आलं, की माझं काम सगळ्यात चांगलं होतं." आणि मग तुम्हीही विचारा की इथे माझे मॅनेजर कसं काम करतात, आठवड्यातून किती वेळा बोलणं होतं. प्लीज इथे त्यांना आवडेल ते उत्तर देऊ नका. रोज आठ-नऊ तास त्याच माणसाबरोबर काढायचे आहेत, आधीच्या ठिकाणी याच गोष्टीचा तुम्हाला एवढा त्रास झालाय ना, मग इथे खरं बोलून नकार आला तरी तो मला परवडला असं वाटतं.

प्रश्न : मी फ्रेशर आहे, आजपर्यंत कोणालाच मॅनेज केलेलं नाही, तरी हा प्रश्न विचारला. काय सांगू?

उत्तर : "अजून अधिकृतपणे कोणी माझ्या हाताखाली नव्हतं" हे आधी सरळ सांगून टाक, त्यात कमीपणा नाही. मग ग्रुप प्रोजेक्ट आठव, त्यात एक जण कामच करत नव्हता (असतोच एक), त्याच्याशी कोण बोललं, काय बोललं? तू बोललास तर ते सांग. बोलला नसशील आणि त्याचं काम रात्री बसून तूच केलं असशील तर तेही सांग, आणि आज ती वेळ आली तर त्याला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन काय विचारशील ते तुझ्या शब्दांत सांग.