मूलाधार चक्र ‘ब्लॉक’ असतं का? चक्रं आणि नाड्या खरंच शरीरात असतात का?

तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. योगवर्गातल्या बाईंनी लोलक फिरवून ‘मूलाधार ब्लॉक आहे, म्हणून कंबर दुखते आणि पैसा टिकत नाही’ असं सांगितलं, तर सात बैठकांचं चक्रशुद्धीचं पॅकेज घ्यावं का? आणि मुळात चक्रं (कण्याच्या ओळीत मानलेली शक्तीची ठिकाणं) आणि नाड्या (प्राण वाहण्याच्या वाटा) शरीरात असतात का? पहिलीचं उत्तर लगेच देऊन टाकतो: घेऊ नका. कंबर डॉक्टरांना दाखवा. पैशाचं काय ते तुम्ही बघा, त्याचा माकडहाडाशी, म्हणजे मूलाधाराच्या जागेशी, संबंध नाही.

दुसरा प्रश्न मात्र दमदार आहे, आणि जुनाही. दयानंद सरस्वतींनाही तो पडला होता. आर्य समाज स्थापन करायच्या बऱ्याच आधी, तरुणपणी गंगाकाठाने भटकत असताना, त्यांच्या झोळीत हठयोगाची पुस्तकं होती. नदीतून एक प्रेत वाहत आलं. त्यांनी ते काठाला ओढलं, सुरीने फाडलं आणि पुस्तकातली चक्रांची, नाड्यांची वर्णनं एकेक करून ताडून पाहिली. काहीच जुळेना. तेव्हा पुस्तकं टराटरा फाडून प्रेताबरोबर पाण्यात सोडून दिली. हे त्यांनी स्वतःच आत्मकथनात लिहून ठेवलंय. पुढे 1927 साली मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी नेमका उलटा घाट घातला आणि कुंडलिनी (मूलाधारात निजलेली मानलेली शक्ती) म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू, असं मांडणारं इंग्रजी पुस्तकच काढलं. एकाला काही सापडलं नाही, दुसऱ्याला सापडलं; पण दोघेही शोधत होते तो अवयवच.

मला वाटतं, ग्रंथ नीट वाचले तर अवयव शोधावासाच वाटत नाही. आज सगळीकडे दिसणारी मांडणी, म्हणजे सहा चक्रं आणि वर टाळूशी सहस्रार, ही मुख्यतः पूर्णानंद यतींच्या ‘षट्चक्रनिरूपणा’तली. ग्रंथ 1577 चा. इंग्रज न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी 1919 मध्ये तो इंग्रजीत नेला आणि जगभर तीच यादी रुळली. त्यात पाकळ्यांवर काय आहे बघा. मूलाधाराच्या चार पाकळ्यांवर व, श, ष, स. स्वाधिष्ठानाच्या सहांवर ब ते ल. मणिपुराच्या दहांवर ड ते फ. अनाहताच्या बारांवर क ते ठ. कंठातल्या विशुद्धाच्या सोळांवर सगळे स्वर आणि भुवयांमधल्या आज्ञेच्या दोनांवर ह आणि क्ष. बेरीज पन्नास! अख्खी वर्णमाला पाठीच्या कण्यावर मांडून ठेवलीय. ही अक्षरं कुठल्या सुरीला सापडणार? साधकाने मन एकेका जागी नेऊन बसवायचं, तिथे पाकळी, अक्षर, देवता कल्पायची आणि वर सरकायचं, यासाठी ती आहेत. मूलाधारात पिवळा चौकोन आणि लं हा बीजमंत्र, मणिपुरात लाल त्रिकोण आणि रं. मी याला नकाशाही म्हणणार नाही, कृती म्हणेन, स्वयंपाकाच्या वहीत लिहिलेली असते तशी.

म्हणूनच आकडे जुळत नाहीत याचं जुन्या लोकांना काही वाटत नव्हतं. गोरक्षनाथांच्या नावावरच्या ‘सिद्धसिद्धांतपद्धती’त चक्रं नऊ आहेत. पतंजलींनी नाभिचक्राचा उल्लेख केला, पण सात चक्रांची उतरंड काही सांगितली नाही. नाड्यांचंही तेच. कठोपनिषदात हृदयाच्या 101, ‘हठप्रदीपिके’त 72,000, ‘शिवसंहिते’त साडेतीन लाख. प्रत्यक्ष साधनेत मात्र सगळे येऊन थांबतात तिघींवर: डावी इडा, उजवी पिंगला, मधली सुषुम्ना.

आणि तुमच्या वर्गातल्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्य असेल, ते पूर्णानंदांचं नव्हे. त्यांच्याकडे मणिपुराच्या पाकळ्या पावसाळी ढगाच्या रंगाच्या आहेत, अनाहताच्या बंधूक फुलासारख्या लाल, आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. पोस्टरवर हीच अनुक्रमे पिवळी, हिरवी आणि गर्द निळी होतात. ते रंग विसाव्या शतकात पाश्चात्त्य लेखनातून रूढ झाले. वापरायला हरकत नाही, ‘प्राचीन’ म्हणून विकायला आहे.

आपल्याकडे हे सगळं मराठीत आलं ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, शके 1212 मध्ये. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचं नावही नाही. आसन घालून, मान सरळ ठेवून बैस, एवढंच कृष्ण सांगतो. ज्ञानदेवांनी तिथे नाथपंथाचा ठेवा उघडला आणि साडेतीन वेढे घालून निजलेलं, कुंकवाने न्हालेलं नागिणीचं पिल्लू, म्हणजे कुंडलिनी, आणून बसवलं. कुणाचं चक्र बंद म्हणून कुणाला घाबरवणं मात्र त्यात कुठे नाही.

मग यात अनुभवाला येण्यासारखं काहीच नाही का? आहे. स्टीलची थंडगार ताटली नाकाखाली आडवी धरून श्वास सोडा. वाफेचे दोन डाग पडतील, बहुतेक वेळा एक मोठा, एक छोटा. काही तासांनी पुन्हा धरा, बऱ्याचदा उलट झालेलं दिसेल. डावा स्वर, म्हणजे डाव्या नाकपुडीतला श्वास, इडेचा, उजवा पिंगलेचा, असं स्वरशास्त्र म्हणतं. नाकपुड्यांची ही पाळी रिखार्ड कायझर या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये नोंदवली. डाव्या कुशीवर पडलात तर थोड्या वेळात उजवी मोकळी होते. साधू काखेत योगदंड दाबून बसतात तेही स्वर बदलण्यासाठीच. यावरून इडा-पिंगला सिद्ध झाल्या असं मी म्हणत नाही, पण ज्यांनी त्या सांगितल्या ते स्वतःच्या श्वासाकडे फार बारकाईने बघत होते, हे नक्की.

तुम्हाला यातलं काही करायचंच असेल तर अनुलोम-विलोम करा, श्वास न रोखता. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखण्याच्या, वाटेला जाणकाराला विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि बाईंनी पुन्हा विषय काढलाच, तर लोलकाने चक्र तपासायचं कुठल्या ग्रंथात दिलंय, तेवढं विचारून घ्या.