काट्याची सूज आपोआप उतरते, मग संधिवाताची का नाही?

तुमचा प्रश्न आमच्याकडे परभणीत कापूस वेचणाऱ्या कुणालाही कळेल. बाभळीचा काटा रुतला की पाय लाल होतो, गरम लागतो, ठणकतो. काट्यासोबत आत गेलेल्या जंतूंची चाहूल लागताच तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतं, काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन थडकतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच मढी.

खरी गंमत पुढे आहे. पूर्वी वाटायचं, काम संपलं की सूज आपसूक विझते. तसं नाही, ती विझवावी लागते. शरीर त्यासाठी रिझॉल्विनसारखी वेगळी रसायनं बनवतं, मॅक्रोफेज या भक्षक पेशी मेलेल्या पेशी गिळून रान साफ करतात. वरून कॉर्टिसॉल या शरीरातल्याच संप्रेरकाचा लगाम असतोच.

संधिवातात (आमवात म्हणतात तो) हा लगाम पुरत नाही, कारण शरीर स्वतःच्याच सांध्याच्या अस्तराला शत्रू समजतं. हा काटा निघणार कसा? हृदयाच्या धमन्यांतही असाच मंद दाह, म्हणजे न विझलेली सूज, धुमसतो. 2017 साली कॅनाकिनुमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत कोलेस्टेरॉल न उतरता हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह पुरता दाबणंही महागात पडतं ते असं.

म्हणूनच गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. आधीच खात असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.