साक्ष राहू दे, आधी त्याच्याशी भांड

बाळा,

जय ख्रिस्त. तुझं पत्र वाचून आधी रागच आला. तुझा नव्हे. चर्चमध्ये तरुण संघाच्या रविवारी तुला साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं करायचं ठरलंय, आणि 'पुरात प्रभूनं आम्हाला कसं सांभाळलं' हा विषयही त्यांनीच ठरवून टाकलाय! तुला तसं वाटतं का, एवढं तरी कुणी विचारलं?

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर मी तुमच्या शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये आलो होतो. लग्नपत्रिकांचे गठ्ठे फुगून विटेसारखे घट्ट झालेले, वरच्या गणपतीचा लाल रंग उतरून 'चि.सौ.कां.'वर पसरलेला. पप्पा रोलरमधला गाळ टूथब्रशनं काढत बसले होते. मग कर्ज काढून प्रेस पुन्हा उभी केली, उपकारस्तुतीचं पाकीट दानात टाकलं, आणि २०२१च्या जुलैत पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून परत आत आली. कर्ज अजून फिटायचंय. यावर गोड साक्ष कशी होणार?

पण तुझ्यावरही माझा राग आहेच. 'काका, माझा विश्वास उरलाय का?' हे मला काय विचारतोस? त्याला विचार. मित्रांशी बोलतोस, रंकाळ्यावर बसून वाद घालतोस, मला चार पानं लिहितोस. त्या चार पानांत देवाबद्दल पुष्कळ आहे, देवाशी एक वाक्य नाही. लेका, जे बोलायचं ते त्याच्यासमोर बोल.

बाप्तिस्मा करणारा योहान आठव. ज्यानं यार्देनेत येशूला बाप्तिस्मा दिला, तोच पुढं तुरुंगातून विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? याहून मोठी शंका कुठली? पण ती त्यानं शिष्यांच्या हाती थेट येशूकडेच पाठवली. येशू चिडला नाही, उलट लोकांसमोर त्याचा गौरव केला. योहानाची सुटका मात्र झाली नाही, शीर गेलं. हा भाग आपण संडे स्कूलमध्ये भराभर उरकतो. तू उरकू नकोस.

आणि बायबलातला ईयोब, निर्दोष असून सगळं गमावलेला. सात दिवस गप्प बसले तोवर त्याचे मित्र बरे होते. तोंड उघडलं आणि देवाची वकिली सुरू केली, तिथं बिघडलं. शेवटी देव त्यांनाच म्हणतो की माझ्याविषयी ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. भांडणारा बरोबर ठरला! आपल्याच मातीत जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या, ती काय नास्तिक होती? आपल्या ख्रिस्ती कवीनं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ताला अभंगातून आळवलं. मग तक्रारीची वेळ आली की आपणच एवढे साहेबी का होतो?

माझी धाकटी गेली तेव्हा सांत्वनाच्या सभेत एक वडीलजन म्हणाले, 'प्रभूची इच्छा, आता आभार माना.' मी उठून बाहेर गेलो. पुढं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभारातून माझं नाव गळलं. कडवट म्हणतात मला अजून. म्हणोत. पहाटे उठून मी बायबलातलं ८८वं स्तोत्र मोठ्यानं वाचायचो, हे त्यांना कुठं ठाऊक? ते स्तोत्र अंधारातच संपतं, पण सुरू होतं परमेश्वराला हाक मारून. काकू म्हणायची, हळू वाचा, शेजारी ऐकतील. ऐकू देत म्हणायचो. एक सल आहे: माझ्या हट्टापायी तिचाही महिला संघ सुटला. तिला भांडायचं नव्हतं, तिला चारचौघींत बसून गायचं होतं. तिचा संघ मी परत देऊ शकलो नाही. पण त्या दिवशी मान डोलावून आभार मानले असते, तर आमच्या घरातून प्रार्थनाच गेली असती, हे मी आजही छातीठोक सांगतो. कोपऱ्यातल्या बाकावर का होईना, रविवार मी सोडला नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याच घरी जायचं. दुसरीकडे जाऊन काय उपयोग?

तेव्हा पाळकसाहेबांना सरळ सांग, साक्ष देणार नाही, १३वं स्तोत्र वाचीन. 'कोठवर' तिथून सुरू कर. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे, गाणं आहे. ती जिभेवर येत नसतील तर चौथ्या वचनाशी थांब आणि खाली बस. खोटं वाचू नकोस. कुणी नाक मुरडलं तर माझ्याकडे पाठव.

आणि शनिवारी संध्याकाळी पप्पांना घेऊन घरी ये. हप्त्यांचं बोलायचंय. बँकेचं पासबुक आण, दोन्ही वेळच्या पंचनाम्यांच्या प्रती आण. जेवूनच जायचं.

तुझा,
काका