सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा आणि लक्षद्वीपची क्रूझ: जावं की नको?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बेळगावात शहापूरला राहता. फेब्रुवारीअखेर मुंबईहून लक्षद्वीपची पाच दिवसांची क्रूझ बुक केली आहे. सोबत मिस्टर, अकरा वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, त्यांना शुगर. मोठ्यांचे कोरोना लशीचे दोन्ही डोस झालेत. कंपनी पैसे परत द्यायला तयार नाही, पण तारीख बदलून देते म्हणते. अशा दिवसांत जावं का?

सासूबाई आणि मुलाला घेऊन या फेब्रुवारीत जाऊ नका. तारीख पुढची घ्या. तुम्ही दोघंच जाणार असाल तर माझं उत्तर थोडं वेगळं आहे, ते खाली सांगतो. (हे जानेवारी २०२२ मध्ये लिहितोय. पुढे कधी वाचणाऱ्यांनी त्या वेळचे नियम बघून घ्यावेत.)

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची बरीच पोरं गोव्यातल्या एजंटांमार्फत जहाजावर लागतात, तसा मीही लागलो होतो. परदेशी क्रूझ जहाजांवर हाउसकीपिंगला, म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या लावायच्या, टॉवेल-चादरी बदलायच्या. आता बेळगावातच असतो. त्यामुळे जाहिरातीत जहाज दिसतं तसं नाही, खालच्या मजल्यांवरून दिसतं तसं सांगतो.

सगळे एकच विचारतात, जहाजावर कोरोना होईल का? या ओमिक्रॉनच्या लाटेत तो गणपत गल्लीत भाजी घेतानाही होऊ शकतो. विचारायचं ते हे की झालाच, तर पुढचं कोण ठरवणार? बेळगावात रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्ही ठरवता. वरची खोली रिकामी करता, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावता, ऑक्सिजन खाली आला तर रिक्षा करून केएलई किंवा बिम्सचा दवाखाना गाठता. जहाजावर यातलं काहीही तुमच्या हातात नसतं. कॅप्टन ठरवतो, कंपनी ठरवते, बंदरावरचे आरोग्य अधिकारी ठरवतात, आणि सगळ्यात शेवटी ते बंदर ज्या राज्याचं ते सरकार ठरवतं.

याच महिन्याच्या सुरुवातीला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. कॉर्डेलिया कंपनीचं जहाज मुंबईहून सुमारे दोन हजार माणसं घेऊन गोव्याला गेलं. मुरगाव बंदरात प्रवाशांना उतरू दिलं नाही, सगळ्यांची तपासणी झाली, ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज परत मुंबईला वळवलं. नवीन वर्ष साजरं करायला गेलेली माणसं गोव्याचा किनारा डेकवरून बघून परत आली. यात कंपनीने काही वेगळं पाप केलं असं मी म्हणत नाही. जहाजाचा धंदाच तसा आहे, बंदराने नाही म्हटलं की संपलं.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गेल्या वर्षी कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट नसलेल्या गाड्या अडवत होते तेव्हा आपण सगळ्यांनी ते भोगलंय. कुणाची बहीण कागलला, कुणाची सोयरीक चंदगडला, शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात. पण कोगनोळीला अडवलं तर गाडी वळवून घरी येता येत होतं. लक्षद्वीपच्या वाटेवर गाडी वळवायला जागा नाही.

मार्च २०२० मध्ये 'झांदाम' नावाच्या जहाजाचं असंच झालं. दक्षिण अमेरिकेकडून निघालेलं, आत ताप-खोकल्याचे रुग्ण, आणि एकामागून एक बंदरं नको म्हणत गेली. शेवटी २ एप्रिलला फ्लोरिडात लागलं, तोपर्यंत चार प्रवासी दगावले होते. त्याआधी फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकवून ठेवलं होतं, ते तर सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना चाचणीच्या वेळी काहीच त्रास नव्हता. ना ताप, ना खोकला. म्हणजे चढताना कपाळावर बंदूक धरून ताप मोजतात त्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच बघा.

त्या जहाजावर शंभराहून जास्त भारतीय कर्मचारी होते. बातम्यांत प्रवासी दिसत होते, खोलीत कोंडलेले, बाल्कनीतून हात हलवणारे. मला मात्र सारखी खालची पोरं आठवत होती. कारण प्रवाशांना खोलीत बसवलं की काम वाढतं, कमी होत नाही. तीन वेळचं जेवण प्रत्येक दारात पोचवायचं. ते पोचवणारी पोरं दोन-दोन जणांच्या खोलीत एकावर एक बंकवर झोपतात, एकाच मेसमध्ये जेवतात, खालच्या एकाच लांब पॅसेजमधून दिवसभर ये-जा करतात. एकाला झालं की ते तुमच्या ट्रेपर्यंत यायला वेळ लागत नाही. जहाजावर सोशल डिस्टन्सिंग असतं ते वरच्या डेकवर. खाली नसतं, कारण खाली तेवढी जागाच नसते.

कोरोनाच्या आधी आमच्याकडे नोरोव्हायरस असायचा, उलट्या-जुलाबाचा. ठरावीक आकड्यापेक्षा जास्त माणसं आजारी पडली की 'कोड रेड' लागायचा. मग बुफेमध्ये पाहुण्यांनी स्वतः चमचा उचलायचा नाही, आम्ही वाढणार. टेबलांवरून मीठ-मिरीच्या बाटल्या गायब. रेलिंग, लिफ्टची बटणं, दारांच्या मुठी क्लोरीनच्या पाण्याने पुसायच्या, पुसून झालं की परत पहिल्यापासून. हातमोज्यांच्या आतसुद्धा बोटांची सालं निघायची. आणि जे आजारी, ते खोलीत बंद. ट्रे दाराबाहेर खाली ठेवायचा, टकटक करायचं आणि दोन पावलं मागे सरकायचं. एका आतल्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई एकट्या होत्या. ट्रे घ्यायला दार किलकिलं करायच्या आणि दरवेळी आधी विचारायच्या, आता सकाळ आहे की रात्र? आतल्या खोलीला खिडकी नसते. दिवा बंद केला की भर दुपारी बारा वाजतासुद्धा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा अंधार.

म्हणून बुकिंगचा कागद काढून बघा, तुमची खोली कुठली आहे. स्वस्त पॅकेज म्हणजे बहुतेक आतली खोली. त्या खोलीत चौघं आठवडाभर बंद राहू शकाल का, हा प्रश्न घरात सगळ्यांसमोर एकदा विचारा. (नव्या नियमाने सौम्य रुग्णाला निदान सात दिवस वेगळं ठेवायचं असतं.) मुलाकडे मोबाइल असेल हो, पण जहाजावरचं वायफाय महाग असतं आणि भर समुद्रात रेंज नसते.

सासूबाईंचं तर मला आणखी वेगळं वाटतं. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असते, थोड्या खाटा असतात. ताप, पडझड, रक्तदाब इथपर्यंत ठीक. पण शुगरच्या माणसाला न्यूमोनिया झाला तर तो दवाखाना पुरा पडत नाही, किनारा गाठावा लागतो. आणि तुमचा किनारा कुठला, तर लक्षद्वीप. तिथल्याच गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने कोचीला हलवतात. शिवाय मोठं जहाज बेटाला लागत नाही, लांब नांगर टाकतं. तिथून लहान बोटीने जावं लागतं. लाटेवर बोट खालीवर होत असताना पाय टाकून उतरणं गुडघेदुखीच्या माणसाला सोपं नाही. साथ नसती तरी हे मी सांगितलंच असतं.

बेटावरच्या लोकांचाही थोडा विचार करा. २०२० चं अख्खं वर्ष लक्षद्वीपला एकही रुग्ण नव्हता, कारण कोचीहून बेटावर जायच्या आधी सक्तीने वेगळं राहावं लागायचं. ती अट ढिली झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये पहिला रुग्ण सापडला.

लशीचं म्हणाल तर मोठ्यांचे दोन डोस झाले हे चांगलंच आहे. पण मुलाचं काय? सध्या १५ वर्षांवरच्यांनाच लस आहे, तीही ३ जानेवारीपासून. अकरा वर्षांच्या मुलाला नाही. सासूबाईंना मात्र प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, मिळू शकतो. १० जानेवारीपासून साठीच्या वरच्या, आजार असलेल्या लोकांना तो देतायत, फक्त दुसऱ्या डोसला ३९ आठवडे व्हायला हवेत. त्यांचं सर्टिफिकेट काढून तारीख मोजा. गेल्या मे-जूनमध्ये दुसरा डोस झाला असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाळी येईल. क्रूझला जा किंवा नका जाऊ, तो डोस चुकवू नका.

आता एक गोष्ट जी मुंबई-पुण्याचे लोक तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांना ती लागू नाही. चढताना दाखवलेला रिपोर्ट परत येताना चालत नाही. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर मागतात, दोन्ही डोस झाले असले तरी. क्रूझ पाच दिवसांची, म्हणजे मुंबईत उतरल्यावर परत चौघांची चाचणी, रिपोर्टची वाट, तोवर लॉजचं भाडं. त्यात एकाचा पॉझिटिव्ह आला तर तिघं निगेटिव्ह असूनही मुंबईतच. एसटीचा संप चालूच आहे, खासगी गाडीवाले अशा वेळी काय भाडं सांगतात ते तुम्हाला माहीत आहे. बाचीच्या नाक्याला वळसा घालून शेतातल्या वाटेने येणारे लोक आहेत, मी ओळखतो त्यांना. पण सासूबाईंना घेऊन तसलं काही करू नका.

दोघंच जाणार असाल, तब्येती ठणठणीत असतील, आणि आठवडाभर अडकलो तरी नोकरी-दुकान सांभाळणारं कुणी असेल, तर जा. मी आडवा येणार नाही. बाल्कनी नाही तर निदान खिडकीची खोली घ्या, जुन्या जहाजांत बाल्कनीच्या खोल्या थोड्याच असतात म्हणून आधी विचारा. जेवायला पहिल्या पाळीत जा किंवा अगदी शेवटी. रात्रीचा शो सुटल्यावर लिफ्टमध्ये घुसू नका, सगळं जहाज त्याच दहा मिनिटांत लिफ्टपाशी असतं. शुगर-बीपीची असतील ती औषधं दुप्पट दिवसांची बांधा, कारण समुद्रात मेडिकल दुकान नाही. एवढं लक्षात असू द्या की अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, ३० डिसेंबरला सांगितलंय, लस घेतलेल्यांनीही सध्या क्रूझ टाळावी. ते भित्रे लोक नाहीत, त्यांच्याकडे रोज किती जहाजांवर किती रुग्ण निघतात याची नोंद असते.

मुलाची सुट्टी वाया जाऊ नये असं वाटत असेल तर समुद्र आपल्यालाही आहे. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी करत कारवारला उतरा. महाराष्ट्र लागत नाही, गोवा लागत नाही, कुणाला रिपोर्ट दाखवायचा नाही. अणशी घाटात दरडी पडतात, तेवढा रस्ता चालू आहे का विचारून निघा. पुढे गोकर्ण, मुर्डेश्वर. सासूबाईंना मुर्डेश्वर आवडेल, आणि कंटाळा आला तर गाडी आपलीच. माझ्या आईला मी क्रूझचं विचारलं होतं, तर म्हणाली, "पाण्यात जाऊन अडकायचं कशाला की, काठावरून दिसतंय की समुद्र." तिच्याशी मी पूर्ण सहमत नाही. उघड्या समुद्रावरची पहाट बघण्यासारखीच असते. पण ती पुढच्या वर्षीही होईल.

तारीख बदलायचं ठरलं तर पावसाळ्याच्या आसपासची घेऊ नका, अरबी समुद्र तेव्हा जहाजाला बरा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरची मागा. कंपनीशी फोनवर बोलून थांबू नका, ईमेलवर लेखी घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: तारीख एकदाच बदलता येते की पुन्हाही, नव्या तारखेला भाडं जास्त असेल तर फरक कोण भरणार, आणि सरकारने क्रूझ बंद केल्या तर पैसे रोख परत मिळणार की नुसतं कूपन. विमा काढला असेल तर त्याचाही कागद वाचा. आपणहून भीतीने रद्द केलं तर सहसा विमावाले काही देत नाहीत, म्हणून रद्द हा शब्द ईमेलमध्ये लिहूच नका. तारीख बदलून हवी, एवढंच लिहा.