वाचकांचे प्रश्न : ‘स्वान लेक’मधला राजपुत्र फसतो कसा?

प्रश्न : ‘स्वान लेक’ या बॅलेचं चित्रीकरण पाहिलं. खरी हंसकन्या पांढऱ्या पोशाखात, तिची तोतया काळ्या, तरी राजपुत्राला फरक कळत नाही? गोष्ट पटली नाही.

उत्तर : शंका रास्त आहे, पण दोष गोष्टीचा नाही, कपड्यांचा आहे. मारियुस पेतिपा आणि लेव इवानोव या नृत्यरचनाकारांनी हा बॅले नव्याने बसवला. त्याचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात २७ जानेवारी १८९५ रोजी झाला. आजची बहुतेक सादरीकरणं त्याच बांधणीवर उभी आहेत. त्या प्रयोगात हंसकन्या ओडेट आणि तिची तोतया ओडील या दोन्ही भूमिका पिएरिना लेन्यानी या एकाच इटालियन नर्तकीने केल्या. ओडील काळ्या पोशाखात नव्हती, ती चाल विसाव्या शतकात पडली. म्हणजे राजपुत्र सीगफ्रीडपुढे तोच चेहरा आणि तीच चण होती. दोघी वेगळ्या आहेत हे प्रेक्षकाला चटकन कळावं म्हणून रंग बदलला आणि राजपुत्र बिचारा उगाच बावळट ठरला.

शिवाय घात होतो तो भुलण्याने नव्हे, शपथेने. जादूगार रोथबार्टच्या शापामुळे ओडेट आणि तिच्या सख्या दिवसा हंस असतात, फक्त रात्री माणसं. यातून सुटायचं तर कुणीतरी तिच्यावर अनन्य प्रेमाची शपथ घ्यायची आणि पाळायची. सीगफ्रीड तळ्याकाठी तिला तसा शब्द देतो. तिसऱ्या अंकात सीगफ्रीड ओडीलबरोबर नाचतो, पाघळतो, तोवर सगळं सावरता येण्याजोगं असतं. मग रोथबार्ट त्याला ओडीलवरच्या प्रेमाची शपथ घ्यायला लावतो. सीगफ्रीड उजवा हात उंचावतो, दोन बोटं जोडून ताठ धरतो आणि तिथेच डाव हातचा जातो. त्याआधी खिडकीत खरी ओडेट तडफडताना दिसते. त्या वेळी ओडीलकडे बघा : ती राजपुत्राला तिकडे पाहू देत नाही आणि मधूनच ओडेटची हातांची लकब उसनी घेते. चांगली नर्तकी ही नक्कल थोडी जास्तच गोड करते. खोटेपणा कळतो तो तिथे, कपड्याच्या रंगात नाही.

प्रश्न : एका प्रयोगात दोघं मरतात, दुसऱ्यात सुखाने नांदतात. खरा शेवट कोणता?

उत्तर : ‘खरा’ म्हणजे पहिला असं धरलं, तर तो आज सहसा कुणी करत नाही. चायकोव्हस्कीचं संगीत आणि युलियुस रायसिंगरची नृत्यरचना घेऊन हा बॅले ४ मार्च १८७७ रोजी मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरात आला. त्या संहितेत ओडेटच्या जिवावर उठलेली असते ती घुबडाचं रूप घेणारी सावत्र आई, आणि ओडेटला वाचवतो तो डोक्यावरचा मुकुट. शेवटी सीगफ्रीडच तो मुकुट हिसकावून तळ्यात फेकतो. वादळ उठतं, दोघं बुडतात, दुष्टांना शिक्षा काहीच नाही.

१८९५पूर्वी चायकोव्हस्कीचं निधन झालं होतं (१८९३). त्याचा भाऊ मोदेस्त याने संहिता बदलली आणि रिकार्दो द्रीगोने संगीताची फेरमांडणी केली. आता ओडेट तळ्यात उडी घेते, सीगफ्रीड मागोमाग जातो, त्या बलिदानाने रोथबार्टची सत्ता मोडते आणि दोघं परलोकात एकत्र दिसतात. सोव्हिएत काळात हे आत्मार्पण गैरसोयीचं ठरलं. मग राजपुत्राने रोथबार्टचा पंख उपटायचा आणि सकाळी सगळं आलबेल, असा शेवट रुळला. आमच्या मते तो सर्वांत कच्चा आहे. शपथ मोडल्याची किंमत कुणीच देत नाही, मग तिसरा अंक घडला तरी कशाला? चौथ्या अंकातलं संगीतही इतक्या स्वस्तात सुटू देत नाही.

प्रश्न : तळ्याकाठी ओडेट हातवारे करून काय सांगते?

उत्तर : स्वतःची हकिगत. तळ्याकडे हात करून ती बोटं गालांवरून खाली ओघळवते : हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं आहे. पुढच्या खुणा अशा : दोन्ही हात हृदयाशी म्हणजे प्रेम, अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न, दोन बोटं वर म्हणजे शपथ, मुठी मनगटाशी ओलांडून खाली म्हणजे मृत्यू. शपथेची खूण इथेच लक्षात ठेवा, तिसऱ्या अंकात तीच उलटते. रशियन परंपरेतल्या पुष्कळ सादरीकरणांत हा मूकाभिनय काढून तिथे नृत्य घातलेलं असतं. तसं असेल तर प्रयोगाच्या कार्यक्रमपत्रिकेतला कथासार आधी वाचून घ्या, नाहीतर शापाची अट कळायची नाही. (१८९५च्या बांधणीत तळ्याचा प्रसंग पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश होता. आज त्याला सहसा दुसरा अंक म्हणतात, त्यामुळे पत्रिकेतल्या आकड्यांनी गोंधळू नका.)

प्रश्न : ओडीलच्या ३२ गिरक्यांचं एवढं कौतुक का?

उत्तर : या गिरक्यांना फुएते म्हणतात. एका पायावर उभं राहायचं, दर वेळी टाच टेकून गुडघा वाकवायचा आणि पुन्हा चवड्याच्या टोकावर चढायचं. त्याच क्षणी दुसरा पाय बाजूला झटकून पाऊल आधाराच्या गुडघ्याशी आणायचं. वेग त्या झटक्यातून आणि हात मिटण्यातून मिळतो. पाठ कलली की तोल सरकतो आणि नर्तकी फिरता फिरता रंगमंचाच्या पुढे येत जाते. हा सर्वांत जास्त दिसणारा दोष. दमल्यावर झटकलेला पाय दर फेरीला खाली उतरतो, मग वेग कमी पडतो. डोकं शेवटी वळवून दर वेळी त्याच बिंदूवर नजर आणावी लागते, ती चुकली की दिशा गेलीच.

लेन्यानीने हे ३२ फुएते १८९३ साली ‘सिंड्रेला’मध्ये आधीच करून दाखवले होते. इथे मात्र त्यांना अर्थ आहे, तो ओडीलचा विजयोत्सव आहे. एखादीने त्याऐवजी रंगमंचाभोवती वर्तुळात वेगवान गिरक्या घेतल्या, तर ती पळवाट समजू नका.

प्रश्न : चार लहान हंसांच्या नाचात हात का धरलेले असतात?

उत्तर : पिल्लं एकमेकांना बिलगलेली दिसावीत म्हणून. पण हात फुलीसारखे गुंफल्यावर तोल सावरायला ते उरत नाहीत, आणि एकीचा पाय अर्धा ठोका चुकला की ओढ चौघींना बसते. म्हणून चौघी शक्यतो एका उंचीच्या निवडतात. पायांइतकंच माना एकदम वळतात का तेही पाहा, चूक बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसते.