आशा धरायची ती कशाची?

प्रश्न : माझ्या आईला अल्झायमर आहे. आठ महिन्यांपूर्वी तिला देखभाल केंद्रात ठेवावे लागले. आता ती मला ओळखत नाही, आणि भेटून परतताना आपण तिला टाकून आलो असे वाटत राहते. आशा धरायची तरी कशाची?

उत्तर : आई समोर बसलेली आहे आणि तरीही हरवली आहे, अशा दुःखाला पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने ‘संदिग्ध वियोग’ म्हटले आहे, त्याला ना अंत्यविधी असतो, ना सांत्वनाला येणारी माणसे, म्हणून ते बहुधा एकट्यानेच सोसावे लागते. हा आजार बरा होत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मात्र भेटीची आठवण पुसली गेली तरी त्या भेटीने दिलेला निवांतपणा मनात काही काळ टिकतो, आणि ओळखीचे सूर तर नावे विसरल्यानंतरही पुष्कळदा साथ देतात. म्हणून ‘मी कोण, सांग बघू’ असे विचारू नका. तिचा हात हातात घ्या, तिचे आवडते गाणे गुणगुणा, आणि तिची बोटे तुमच्या तळव्यावर ठेका धरतात का ते पाहा. आजची दुपार तिला शांत जावी, एवढीच आशा सध्या पुरेशी आहे. तिला टाकून आलात, हे मला मुळीच मान्य नाही. अंगाखालची चादर बदलण्याचे काम दुसऱ्यांनी उचलले, म्हणूनच तुम्हाला पुन्हा तिची मुलगी होता येते. तिला काय आवडते आणि कशाची भीती वाटते, हे तेथील सेविकांना लिहून द्या. ते तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.